गुरुपुष्यामृताचं बटण

सकाळी आठला गच्चीवर चढलो, चिलरचं खालचं पत्र्याचं दार उघडलं आणि कॉम्प्रेसरच्या पोटावर तळहात ठेवला. पोट गार. दुसऱ्या कॉम्प्रेसरवर ठेवला. तोही गार. आदल्या संध्याकाळी मी खाली उतरलो तेव्हा दोन्ही पोटं चांगली गरम होती, हात फार वेळ ठेवता येत नव्हता. ती तशीच राहिली पाहिजेत असं मी तीन माणसांना तीन वेळा बजावून गेलो होतो आणि तिघांनीही मान डोलावली होती. माझा मान डोलावण्यावरचा विश्वास त्या दिवशी जो उडाला, तो आज एकवीस वर्षं झाली तरी परत आलेला नाही.

बीडकडच्या एका तालुक्याच्या गावातला धर्मादाय दवाखाना. मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीत चिलर बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करत होतो. चिलर म्हणजे काय हे तिथल्या व्यवस्थापकांना सांगून माझी जीभ झिजली होती, तुम्हाला एकदाच सांगतो. गच्चीवर ठेवलेलं, वरून पंखे लावलेलं खोलीएवढं यंत्र. ते पाणी गार करतं, ते पाणी नळीतून ऑपरेशन थिएटरपर्यंत जातं आणि तिथली हवा गार होते. दवाखान्याचं जुनं यंत्र पंधरा दिवसांपूर्वी मेलं होतं आणि तेव्हापासून ऑपरेशनं बंद होती. नवं यंत्र बापूसाहेब खराडे नावाच्या बड्या माणसाने आईच्या स्मरणार्थ दिलं. येताना ट्रकमध्ये आपटून त्याचा एक जोड सुटला आणि निम्मा गॅस वाटेतच उडून गेला. चार दिवस खपून मी उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला, जोड झाळला, नायट्रोजन भरून गळती तपासली, आतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढली आणि काट्यावर तोलून गॅस परत भरला.

व्यवस्थापकांचं आडनाव डोळस. त्यावर मी काही बोलत नाही. मी गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतोय हे बघून ते म्हणाले होते की एवढा खटाटोप कशाला, सोडून द्या की हवेत, आमच्या गच्चीवर हवा पुष्कळ आहे. मग गॅस परत भरताना बघून त्यांना संशय आला की नव्या मशीनला गॅस भरावा लागतो म्हणजे कंपनीने जुनंच गळ्यात मारलं. चार दिवसांत या गृहस्थाने एकही वाक्य असं उच्चारलं नाही की ज्याला शेंडाबुडखा होता.

पोटं गरम ठेवणारा हीटर का बंद पडला हे मला विचारावं लागलं नाही. गच्चीवरच्या मुख्य पॅनेलला कुलूप होतं. कुलपावर लाल फीत बांधलेली, फितीवर हळदकुंकू, दाराच्या कडेवर चिकटलेल्या अक्षता. शेजारी गहिनीनाथ मिसाळ उभे होते. हे तिथले प्लँट ऑपरेटर. दवाखान्यात हाताखालच्या प्रत्येकाला मामा म्हणतात, तसे तेही मिसाळमामा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. ते माझ्याकडे न बघता फितीकडे बघत होते.

"मामा, मेन स्विच कुणी पाडला?"

"डोळससाहेबांनी पाडायला सांगितला. मीच पाडला, भाऊ. काल सात वाजता."

मी खाली उतरून डोळसांच्या केबिनमध्ये गेलो. ते भाषणाचा कागद आरशासमोर वाचत होते. त्यांनी मला मोठ्या मनाने समजावून सांगितलं. गेल्या वर्षी पाण्याच्या फिल्टरच्या उद्घाटनाला पाहुण्यांनी नळ सोडला, तर पाणी आधीपासूनच वाहत होतं. लोक हसले, तालुक्याच्या पेपरात आलं. आता तसं व्हायला नको. आज गुरुपुष्यामृत, मुहूर्त दहा चाळीसचा. बापूसाहेबांचा हात बटणाला लागेपर्यंत यंत्रात जीव नको.

मी म्हणालो, यंत्र बंदच होतं, फक्त हीटर चालू होता.

"तेच तर," डोळस म्हणाले. "थंड करायच्या मशीनला हीटर कशाला, कानडे? मी काय अगदीच अडाणी आहे का?"

याचं उत्तर द्यायचा मोह मी कसा आवरला ते माझं मला माहीत. त्याऐवजी मी हीटरचं सांगितलं, पाचव्यांदा. यंत्र बंद असलं की गॅस हळूहळू कॉम्प्रेसरच्या तेलात जाऊन मुरतो. म्हणून पोटाशी छोटा हीटर असतो. तो तेल गरम ठेवतो आणि गॅसला तिथे बसू देत नाही. तेल गार असताना यंत्र सुरू केलं तर मुरलेला गॅस एकदम उकळतो, दूध उतू जावं तसं तेल फेसाळून निघून जातं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. पाच मिनिटं फिरेल, कदाचित तासभर फिरेल, मग बसला तर कायमचा बसला. नवा यायला दीड महिना. आता लगेच हीटर लावला तरी उद्या सकाळपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही.

डोळसांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रात्रभर बंद होतं, मग आणखी दोन तासांनी काय बिघडतं?"

पॅनेलच्या कुलपाची किल्ली ते देईनात. फीत गुरुजींनी मंत्र म्हणून बांधली होती, ती आता बापूसाहेबच कापणार. मग मी तडजोड सुचवली. फीत कापा, बटण दाबा, मी त्या बटणाला नुसते पंखे जोडून देतो, आवाज भरपूर येईल, फोटो निघतील, आणि खरं यंत्र मी उद्या सकाळी सुरू करतो. डोळसांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले की देवाधर्माच्या कामात खोटेपणा या संस्थेत आजवर झाला नाही आणि मी असेपर्यंत होणार नाही. काय तेज होतं चेहऱ्यावर. नव्या कोऱ्या यंत्राचा गळा ते सत्यासाठी दाबायला निघाले होते.

मी पुन्हा गच्चीवर आलो. मुख्य पॅनेल कुलपात होतं, पण यंत्राची स्वतःची पेटी यंत्राच्याच अंगावर असते आणि तिची किल्ली माझ्या खिशात होती. मी पेटी उघडली, दोन्ही कॉम्प्रेसरचे फ्यूज काढून खिशात टाकले आणि बटणाची तार नुसत्या पंख्यांकडे वळवली. मेन चालू झाला की हीटर आपोआप चालू होणार, बटण दाबलं की पंखे फिरणार आणि कॉम्प्रेसर जागचा हलणार नाही. खोटेपणा म्हणत असाल तर म्हणा. मी त्याला दुरुस्ती म्हणतो.

मिसाळमामा मागे उभे होते. माझ्या हातात फ्यूज बघून त्यांना सगळं कळलं. सोळा वर्षं त्यांनी जुनं यंत्र सांभाळलं होतं, त्यांना कळायला पाचव्यांदा सांगावं लागत नव्हतं.

"म्हणजे आज गार होणार नाही," ते म्हणाले.

"नाही. उद्या सकाळी."

ते तिथेच कठड्यावर बसले. त्यांची बायको लंकाबाई खाली बायकांच्या वॉर्डात होती. विहिरीवरच्या ओट्यावरून पाय घसरून तिचा खुबा मोडला होता आणि बारा दिवस ती पायाला वजन लावून उताणी पडून होती. हाडांच्या डॉक्टर हळबे लातूरहून फक्त गुरुवारी यायच्या. गेल्या गुरुवारी थिएटर गरम म्हणून ऑपरेशन हुकलं. हळबेबाईंनी मामांना स्पष्ट सांगितलं होतं की पाठीला जखमा व्हायला लागल्यात, छातीत कफ साचायला लागलाय, या गुरुवारच्या पुढे थांबायचं नाही. आणि तसल्या पायाने लातूरपर्यंतचा रस्ता म्हणजे काय, ते त्या रस्त्याने गेलेल्यालाच ठाऊक.

"हळबेबाई चारला निघतात," मामा म्हणाले. "भाऊ, चारपर्यंत चाललं तरी मला बास. मग मोडलं तर मोडू द्या."

मी डगमगलो, खोटं कशाला सांगू. डोळसासारख्या माणसाला नाही म्हणायला काय लागतं, उलट मजा येते. या माणसाला नाही म्हणणं मला जमेना. यंत्र काही माझ्या बापाचं नव्हतं. लावावं, एखादा तास चाललंच तर तिचं काम होईल, असं मनात येऊन गेलं. खिशातले फ्यूज मी हातात काढलेही होते.

"मामा, हाड उघडलेलं असताना मध्येच बंद पडलं तर?"

बराच वेळ त्यांनी हाताने कठड्यावरचे चुन्याचे पोपडे काढले. मग उठून खाली गेले. ते डोळसांकडे जाऊन सगळं सांगणार, अशी माझी खात्रीच होती. सांगितलं असतं तरी मला त्यांचा राग आला नसता. ते गेले वॉर्डात, आणि परत आले ते सतरंज्या घेऊन, गच्चीवर पाहुण्यांना बसायला.

दहाला मंडळी आली. पाऊणशे माणसं त्या जिन्यावरून वर आली, मे महिन्याच्या उन्हात, सगळ्यांच्या कपाळावर घामाच्या धारा. बापूसाहेब, त्यांचे दोन जावई, विश्वस्त, फोटोवाला, गुरुजी. नारळ फुटला. बापूसाहेबांना फेटा बांधला, शाल घातली, आईंच्या आठवणीवर डोळसांचं भाषण झालं. त्यात त्यांनी चिलरला 'शीतलतेची गंगोत्री' म्हटलं. दहा चाळीसला बापूसाहेबांनी फीत कापली, मामांनी कुलूप काढून मेन चढवला, मी पेटीच्या काचेतून हीटरचा दिवा लागलेला बघितला आणि तेव्हा कुठे सकाळपासूनचा श्वास सोडला.

बापूसाहेबांनी बटण दाबलं. आठही पंखे घरघरले. टाळ्या पडल्या.

आता पंखे म्हणजे नुसते पंखे. बेचाळीस अंशांची हवा खालून ओढून बेचाळीस अंशांची हवा वर फेकत होते. बरं, यंत्र खरोखर चालू असतं तरी गच्चीवर गरम वाफाच आल्या असत्या, गारवा खाली थिएटरात जातो. पण डोळसांनी दोन्ही हात पसरले, डोळे मिटले आणि म्हणाले, "आहाहा." झालं. एक विश्वस्त म्हणाले की फरक लगेच जाणवतो. धाकटा जावई म्हणाला की महाबळेश्वरला असंच वाटतं. आणि बापूसाहेबांनी, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, घामाने थबथबलेल्या त्या माणसाने अंगावरची शाल छातीशी ओढून घेतली आणि जावयाला म्हणाले की फार वेळ उभं राहायला नको, मला बाधतं. पाऊणशे डोकी होती. एकालाही वाटलं नाही की आपल्याला उकडतंय, तर उकडतंय असं म्हणावं.

मंडळी पेढे खायला खाली गेली आणि मी थिएटरात गेलो. डॉक्टर हळबे तिथे भिंतीवरच्या तापमापकासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक, तोंडाने फटकळ. तापमापकात एकतीस दिसत होते.

"बाहेर सगळे मला सांगतायत की मशीन जोरात चालू आहे," त्या म्हणाल्या. "डोळस तर म्हणाले स्वेटर घालून ऑपरेशन करा. मी आंधळी आहे की हा काटा?"

मी त्यांना सगळं सांगितलं. हीटर, कुलूप, फीत, फ्यूज, बटण, काहीही न लपवता. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, "उद्या सकाळी नऊला किती?"

"एकवीस."

"नक्की?"

"नाही झालं तर माझं नाव सांगा सगळ्यांना. लिहून देतो."

त्यांनी खरंच औषधाच्या चिठ्ठ्यांचं पॅड पुढे केलं. मी लिहिलं, सही केली. त्यांनी ती चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि लातूरला फोन लावून उद्याची कामं पुढे ढकलली. समोरच्याशी चांगलंच वाजलेलं दिसलं. फोन ठेवून म्हणाल्या की डोळसांना मी काही सांगणार नाही, ते गार झालेत, त्यांना गारच राहू दे. मग मिसाळमामांना बोलावून घेतलं आणि बायकोला सकाळी उपाशी ठेवा एवढंच सांगितलं. मामा भिंतीला टेकले. रडले की काय ते मी बघितलं नाही, मी तापमापक बघत होतो.

शुक्रवारी सकाळी सहाला पोटं गरम होती. फ्यूज बसवले, तारा जागेवर लावल्या, तेलाची काच बघितली आणि यंत्र सुरू केलं. फेस नाही, धडधड नाही. गॅसच्या काचेतले बुडबुडे थोड्या वेळात गेले. साडेआठला थिएटरात एकवीस, नऊला वीस. हळबेबाईंनी काटा बघितला, माझी चिठ्ठी पर्समधून काढून फाडली आणि हात धुवायला गेल्या. लंकाबाईंचं ऑपरेशन दोन तास चाललं. चांगलं झालं.

दुपारी डोळस थिएटरच्या दारापर्यंत आले. आत वीस अंश होते, नर्सबाई स्वेटर घालून उभी होती. त्यांनी दारातून हवा हुंगली, चेहरा वाकडा केला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "कानडे, कालच्यासारखं नाही हो वाटत."

मी हसलो. तिथेच माझं चुकलं असावं. मोठ्या माणसाच्या गारव्याला हसू नये.

शनिवारी दुपारी मी परत निघालो. एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात मिसाळमामा सायकलवरून आले. कपाळावर घाम, हातात रुमालात बांधलेल्या दोन भाकरी आणि ठेचा. त्यांनी बायकोने सांगितलंय म्हणून भाकरी माझ्या हातात दिल्या आणि उभेच राहिले. बसा म्हटलं तर बसेनात.

"भाऊ, सकाळी तुमच्या कंपनीला फॅक्स गेलाय."

त्यांनी सांगितलं ते असं. उद्घाटनाच्या दिवशी यंत्र उत्तम चालत होतं, सर्व मान्यवरांनी अनुभव घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या तंत्रज्ञाने कुणालाही न विचारता यंत्र उघडलं आणि तेव्हापासून गारवा कमी झाला. सबब हा माणूस पुन्हा पाठवू नये. खाली बापूसाहेबांची सही, डोळसांची सही, आणि साक्षीदार म्हणून प्लँट ऑपरेटरची.

"तुमची?"

"माझी." मग ते म्हणाले, "लिहिलंही मीच. साहेबांना कॉम्प्रेसर नीट लिहिता येईना. चार वेळा खोडलं त्यांनी. मग मला म्हणाले तू लिही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या पत्राने पुढे कंपनीत माझं काय झालं, कुठल्या कोपऱ्यात टाकलं, ते सांगत बसत नाही. खरं काय ते सांगायचं तर बटणाचं सांगावं लागलं असतं, म्हणून मी तोंड मिटून घेतलं. पण त्या क्षणी, त्या बाकावर, मला फक्त एवढंच दिसत होतं की सबंध आठवड्यात त्या गच्चीवर अक्कल असलेला जो एक माणूस भेटला, त्यानेच सुवाच्य अक्षरात माझी वाट लावली.

"मामा, सही करताना काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की," ते म्हणाले. "साहेब म्हणले, ही बाई अजून आठ दिवस आपल्याच वॉर्डात आहे ना. मला कळलं. आणि खरं सांगू का भाऊ, त्या वक्ताला वॉर्डात तिला वॉकर देऊन उभी केली होती. मला खिडकीतून दिसत होतं. ते बघायला जायची घाई होती, म्हणून मी वाचलंसुद्धा नाही पुन्हा."

आठवडाभर मी त्या दवाखान्यात ज्याला त्याला मनातून शिव्या घातल्या होत्या, एकालाही सोडलं नव्हतं. या माणसाला घालायला एक शिवी मी शोधत होतो, आणि खरं सांगतो, सापडली नाही.

"किती चालली?" मी विचारलं.

"चार पावलं. पाचव्याला बसली, पण रडली नाही."

पुण्याची गाडी लागली. त्यांनी माझी हत्यारांची पेटी उचलून गाडीपाशी नेली, कंडक्टरशी भांडून आत जागा करून दिली आणि खिडकीखाली उभे राहून सांगितलं की भाकरी गरम आहे तोवर खा.